लाल नखं

माझ्या धाकट्या जावेला सगळे नखुबाई म्हणायचे. अंगठ्यांची नखं तिने काही हौसेने वाढवली नव्हती. आम्ही दोघी मालकाच्या गोठ्यामागच्या खोलीत राहायचो. भाडं नाही, त्याबदली तिने गाईंच्या गोचिडी काढायच्या.

गोचीड चावून पळत नाही, मेली! कानात, शेपटीखाली, कासेजवळ मऊ जागा शोधते, तोंड कातडीत रुतवते आणि तिथेच चिकटून बसते. लाळेने जागा बधिर होते, म्हणून गाईला पत्ताच लागत नाही. दिवसच्या दिवस रक्त पिऊन वाटाण्याएवढी टम्म फुगते. नखुबाई तिला कातडीलगत धरून सरळ ओढायची. पिरगाळली की तोंड आतच तुटतं आणि जागा चिघळते. काढलेली गोचीड रॉकेलच्या डब्यात टाकायची.

पण मालक महाबिलंदर. म्हणाला, "डब्यात कालच्याच दाखवशील. संध्याकाळी मला नखं लाल दिसली पाहिजेत." तेव्हापासून प्रत्येक गोचीड नखांत चिरडायची आणि संध्याकाळी त्याच्या दारात हात पुढे करून उभं राहायचं.

जनावरांचा डॉक्टर तिच्यावर ओरडलाच, "बाई, चिरडू नका! त्या रक्तातून ताप येतो. जखमेतून गेलं तर मराल."

तिने घाबरत घाबरत मालकाच्या कानावर घातलं.

"डॉक्टर देतो का खोली?" तो म्हणाला.

मग एकदा चारा कापताना तिचा अंगठा चिरला. मी म्हटलं, "अगं, आज राहू दे."

"राहू दे म्हणता, जाऊबाई, पण राहायचं कुठे?"

चिंधी बांधून गेली. चिंधीमुळे नख चालेना, तर तीच सोडून फेकली.

काही दिवसांत ताप फणफणला. मग हिरड्यांतून, नाकातून रक्त यायला लागलं. मालक दारातूनच डोकावला, "आज काम झालं का?" आणि काय सांगू, तिने पांघरुणातून हात काढून त्याला दाखवला! नाक पुसून पुसून नखं लाल झाली होती. तो बघून निघून गेला. असा संताप आला मला! दुसऱ्या दिवशी ती गेली.

तिला पोचवून आलो, तसं मालकाने मला गोठ्यात बोलावलं. मी मुद्दाम नखं मुळापासून कापून गेले. त्याने माझे हात उलटेपालटे करून पाहिले.

"वाढतील," तो म्हणाला. "तोवर दात आहेत की तुला."

आणि हसला. मी गाईचा कान उलटा केला.