सोमवार, सकाळी नऊ

पोलिसांनी परत आणून दिलेल्या, होडीत सामान भरून न्यायच्या निळ्या पिंपाचं झाकण उघडलं, की अजूनही गाळाचा आणि लसणीच्या चिवड्याचा वास येतो, आणि न्यू लिनमधलं आमचं जुनं किचन आठवतं. तिथेच बसून मी मैत्रिणीची आणि तिच्या नवऱ्याची नदीतून वल्हवत जायची तीन दिवसांची कनू ट्रिप आखून दिली होती. मुक्काम कुठल्या हटमध्ये, कुठल्या पिंपात काय, सगळं. इथे परदेशात जंगलात जाताना परतायची वेळ घरी कुणाकडे तरी लिहून ठेवतात. ती टळली, की त्याने लगेच पोलिसांना फोन करायचा. ते काम माझ्याकडे होतं. तिने लिहिलं, रविवार, संध्याकाळी सहा. मी पेन हिसकावून घेतलं आणि ते खोडलं. "आपली माणसं कधी वेळेवर आली आहेत का? उगाच हेलिकॉप्टर निघायचं आणि शोभा व्हायची." ती हसली. "बरं बाई, तू म्हणशील तसं." रविवारी दुपारी नदी फुगली आणि त्यांची होडी उलटली. मी मात्र सहा वाजता निवांतपणे खिचडी टाकली, आठला ती झाकून ठेवली. सोमवारी नऊला फोन केला, तर तासाभरात दोघं काठावर सापडली. नवरा शुद्धीवर होता. ती पहाटेच थंडीने गेली होती. त्याने मला आजवर एका शब्दाने विचारलेलं नाही. कागद माझ्याकडेच आहे: तिची वेळ खोडलेली, आणि खाली माझ्या ठसठशीत अक्षरात, सोमवार, सकाळी नऊ.