मामांचा खोडा

आमच्या हिच्या मामांइतका कनवाळू माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही, आणि माणसाचे हाल कसे करावेत याची त्यांच्याइतकी बारीक माहिती असलेलाही दुसरा कुणी पाहिला नाही. मिरजेचे मामा दोह्यातल्या एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होते. मीही तिथेच एस्टिमेटर. बाथरूममधलं झुरळ ते मारत नसत, कागदावर घेऊन बाहेर सोडून येत आणि वर "जा बाबा, सांभाळून" असं बजावत. पण एक इंग्रज इंजिनिअर नोकरी सोडून जाताना मध्ययुगातल्या युरोपमधल्या शिक्षांच्या यंत्रांवरचं एक जाडजूड सचित्र पुस्तक मामांच्या टेबलावर ठेवून गेला, आणि मामांना नाद लागला तो लागलाच. दोह्याबाहेर उम्म सलाल मोहम्मद या गावी कंपनीने दिलेल्या त्यांच्या खोलीत भिंतीवर गणपतीची तसबीर होती आणि तिच्या खालच्या फळीवर माणूस ताणायची हातभर लांबीची चौकट, हाडं मोडायचं चाक, खिळ्यांची खुर्ची आणि अंगठा चेपायचा पितळी चिमटा अशी सगळी मांडामांड होती. पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या आणि साइटवरचं भंगार यांतून मामांनी ती स्वतः घडवली होती. संध्याकाळची उदबत्ती गणपतीला ओवाळून झाली की जागेच्या अडचणीमुळे या मंडळींवरूनही फिरायची.

चहाला आलेल्या माणसाला "साखर किती?" विचारावं त्याच सुरात मामा "जरा अंगठा द्या बघू" म्हणत. नवखा माणूस भिडेपोटी द्यायचा. मग मामा चिमट्याचा स्क्रू हळूहळू फिरवत, युरोपातल्या न्यायाधीशांबद्दल बोलत राहत, आणि मधेच कळवळून "दुखलं तर सांगा हं" असंही म्हणत. दुखणं शक्यच नव्हतं, कारण चिमट्याला त्यांनी आतून फ्लॅनेल चिकटवलं होतं आणि खुर्चीच्या खिळ्यांची टोकं कानशीने घासून गुळगुळीत केली होती. वजनात मारणाऱ्या पाववाल्याला तिकडे पिंजऱ्यात घालून नदीत बुचकळत, ही माहिती त्यांनी आमच्या कोपऱ्यावरच्या खुबूसवाल्याला, म्हणजे अरबी रोट्या भाजणाऱ्याला, हातवारे करून सांगितली, तेव्हापासून तो बिचारा आम्हाला एक खुबूस जास्त देऊ लागला. बेसूर वाजवणाऱ्याच्या गळ्यात लोखंडी बासरी अडकवून, तिच्यात त्याची बोटं आवळून त्याला बाजारातून फिरवायचीही तिकडे रीत होती. गणपतीत एखाद्या गृहस्थांनी नाट्यपद सुरू केलं की मामा माझ्या कानाशी लागत, "जावईबापू, करायला घेऊ का एक बासरी?" खिळ्यांच्या लोखंडी पेटीवर मात्र त्यांचा राग होता. ती म्हणे कुणीतरी मागाहून रचलेली थाप. "खरे हाल काय कमी केलेत होय लोकांनी? वर आणि खोटे कशाला रचायचे?" असं विचारताना त्यांचा आवाज खरोखर कापायचा.

चिमटा सोडला तर या सगळ्या खेळण्यांत एकच यंत्र पुऱ्या मापाचं होतं, तो म्हणजे हातांचा खोडा. दोन जाड फळ्या, मधे मनगटांसाठी दोन भोकं. पुस्तकातल्या चित्रात त्याला हे एवढं कुलूप होतं. मामांनी कुलूप लावायला साफ नकार दिला. "आतल्या माणसाला आपलं आपण सुटता आलं पाहिजे," असं म्हणून त्यांनी लाकडाच्या पोटात एक पितळी खिळी बसवली. हात डोक्यावर नेले की खिळी स्वतःच्या वजनाने मागे सरकायची आणि वरची फळी सुटायची. ती नीट सरकावी म्हणून तिला खोबरेल तेल. मामांच्या मते केस, गुडघे, बिजागऱ्या आणि शिलाईचं मशीन या सर्वांवर खोबरेल हा एकच उपाय होता.

एवढा सुटकेचा सोस त्यांना का, हे मला माहीत होतं. तेव्हा कतारमधून बाहेर पडायचं तर आमच्या अरबाबांची, म्हणजे कंपनीच्या कतारी मालकांची, सही लागे. पासपोर्टही त्यांच्याच तिजोरीत. मामांच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात अरबाब गुडघ्याच्या उपचारांसाठी लंडनला जाऊन बसले आणि मामा दोह्यात अडकले. मुहूर्ताच्या वेळी ते ड्रॉइंग ऑफिसात घड्याळाकडे तोंड करून उभे राहिले, खिशातून आणलेल्या अक्षता त्यांनी ड्रॉइंग बोर्डावर टाकल्या आणि मग एकेक दाणा वेचून परत खिशात ठेवला. मी शेजारच्या टेबलावर होतो. मला त्या दिवशी एकही आकडा जुळवता आला नाही.

आता धाकटीचं लग्न मे महिन्याच्या अखेरीला होतं आणि मामा एप्रिलपासूनच वाळायला लागले होते. अरबाबांकडे कागद घेऊन जाणारा कंपनीचा माणूस रोज "बुकरा, इन्शाल्ला" म्हणत परत यायचा. म्हणजे उद्या. शेवटी निरोप आला: अरबाब शनिवारी सकाळी लंडनला निघताहेत, शुक्रवारी दुपारची असरची नमाज झाली की ते अल रय्यान रस्त्यावरच्या आमच्या घरी चहाला येतील, मामांची यंत्रं बघतील आणि तिथेच सही करतील.

मामांनी सगळी यंत्रं सकाळीच आमच्या दिवाणखान्यात आणून मांडली. हिने सकाळपासून चिवडा आणि शंकरपाळे केले, आणि दुपारीच एसी शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवला. तिकडे पाहुण्याचा मान खोली किती गार त्यावर मोजतात. अरबाब आले तेव्हा मी बनियनवर बनियन चढवून बसलो होतो. अरबाब मोठे रसिक. तरुणपणी वडिलांबरोबर मोत्यांच्या व्यापाराला मुंबईला येत, त्यामुळे हिंदी छान बोलत. त्यांनी चिमट्यात अंगठा दिला, खुर्चीचे खिळे चाचपले, शंकरपाळ्यांची बशी रिकामी केली. टेबलावर कागद होता, त्यावर त्यांचं सोन्याचं पेन. मामांची नजर त्या पेनावरून हलत नव्हती.

"और ये बड़ा वाला?" म्हणत अरबाबांनी खोड्यात दोन्ही मनगटं ठेवलीसुद्धा. "यल्ला मामा, बंद करो!"

मामांनी वरची फळी मिटली. टक्.

"अब हाथ ऊपर, अरबाब. अपने आप खुलेगा."

अरबाबांनी हात डोक्यावर नेले. काही झालं नाही. पुन्हा नेले. मामांनी फळीवर टिचकी मारली, मग बुक्की मारली. अरबाब आधी हसत होते, मग थोडं कमी हसले, मग अजिबात हसेनासे झाले. ज्या हाताने सही व्हायची तो हात लाकडात, आणि ज्या माणसाच्या शब्दावर आम्हा दोघांच्या नोकऱ्या तो माणूस आमच्या सोफ्यावर कैदी.

"थोड़ी देर में सूरज डूबेगा, मगरिब की नमाज है," ते हळू आवाजात म्हणाले. "वुज़ू कैसे करूँगा, हाथ-मुँह कैसे धोऊँगा? खोलो, मामा."

मी करवतीचं नाव काढलं. मामा पांढरेफटक पडले. "मनगटाला लागली म्हणजे?" एसी घरघरत होता. तेवढ्यात ही आतून खोबरेलची बाटली घेऊन आली. "मामा, फटीतून अजून थोडं सोडून बघू या का?" तिने बाटली फळीवर उपडी धरली. एक थेंब पडेना. बाटलीतलं तेल थिजून तुपासारखं घट्ट झालं होतं.

मामा बाटलीकडे बघत राहिले आणि मग त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं पोरी, खिळी बी थिजली की आत! बाहेर चला, उन्हात चला!"

आम्ही अरबाबांना गॅलरीत नेलं. मे महिन्यातलं दोह्याचं ऊन, उतरतीला लागलं तरी लोखंडी कठड्याला हात लावायची सोय नव्हती. शुक्रवारची सुट्टी, खाली रस्ता माणसांनी फुललेला. कुणीतरी वर बघितलं, मग दुसऱ्याला कोपर मारलं. ज्यांच्या नुसत्या गाडीला बघून माणसं बाजूला होत ते अरबाब लाकडात हात अडकवून आमच्या गॅलरीत उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

मामांनी ते पाहिलं. दोरीवर वाळत घातलेली चादर ओढून त्यांनी दोन्ही हातांनी ताणून अरबाबांपुढे धरली आणि तसेच उभे राहिले. घाम नाकावरून टपकत होता. मी एक टोक धरायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या, जावईबापू. लाकडानं कुणी मरत नाही हो. बघणारे नकोत."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मामांच्या ओठांची हालचाल चालली होती. बहुतेक देवाचं नाव घेत असावेत. अरबाबांनी पुन्हा एकदा हात वर नेले. आत काहीतरी सरकल्याचा बारीक आवाज झाला आणि फळी सुटली.

अरबाबांनी मनगटं चोळली, त्यांना लागलेल्या खोबरेलाचा वास घेतला. "अस्ल में भी ऐसा था? कैदी ख़ुद खोल सकता था?"

"नहीं, अरबाब," मामा चादर न सोडता म्हणाले. "चाबी दूसरे के पास रहती थी. ये मैंने बदला."

अरबाबांनी सुटलेली फळी उलटीपालटी करून पाहिली. मला वाटलं, संपलं, खलास. मग ते आत गेले, वुज़ू केली, आमच्या दिवाणखान्यात नमाज पढले आणि पेन उचललं. सही झाली, कागदाच्या कोपऱ्यावर तेलकट अंगठाही उमटला. जाताना खोडा त्यांनी मागून घेतला आणि गाडीत स्वतःच्या शेजारी ठेवला.

मामा लग्नाला पोहोचले. अक्षता खऱ्या डोक्यांवर पडल्या. पुढे दोनेक वर्षांनी ते कायमचे मिरजेला परतले, आणि मीही दोहा सोडल्यावर त्यांना भेटायला गेलो. ताणायच्या चौकटीवर मामींच्या कुरडया वाळत होत्या, चाकाला लसणाच्या जुड्या टांगल्या होत्या. मामांनी आधी माझा अंगठा चिमट्यात घातला आणि मगच चहा विचारला. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी ते भाजीला निघाले. टोपी घातली, चपला घातल्या, पिशवी घेतली आणि उंबरठ्याशी जाऊन थांबले. दार उघडं होतं. तरी ते पाऊल उचलेनात, नुसते आत वळून बघत राहिले. मी म्हणालो, "काही विसरलात का मामा?" ते ओशाळून हसले.

मामी चुलीपाशी होत्या. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. हे रोजचंच असावं.

"जावा की," त्या म्हणाल्या, "झाली सही."

मग मामा पायरी उतरून बाजाराकडे गेले.