बावखलातल्या उवा

तुम्हीच सांगा, विश्वास कुणावर ठेवावा? दुकानदारावर? मग ऐका!

पंचवीसेक वर्षांपूर्वी वसईत माझं खत-औषधांचं दुकान होतं. सांडोरचे बस्त्यावकाका, केळीची वाडीवाले, माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या वाडीत बावखल, म्हणजे तळं हो, आणि त्यात मुलीच्या लग्नासाठी वाढवलेले रोहू. पाणी इतकं नितळ की तळाला पडलेली सुपारी दिसावी!

काका म्हणाले, "शेठ, आमंत्रणं द्यायला चाललो. माशांकडं जरा बघा."

बघायला गेलो, तर पाण्यात टाचणीच्या टोकाएवढे किडे टुणटुण उडतायत. आता काय सांगू तुम्हाला, अंगावर काटा आला! लग्नाच्या माशांना उवा? दुकानातलं जालीम औषध आणून शिंपडलं. किडे साफ, मासे ठणठणीत! वर मासे गुबगुबीत व्हावेत म्हणून खताचं अख्खं पोतं सोडलं. तेही फुकट!

आठवडाभरात पाणी हिरवं झालं, मग पालकाच्या पातळभाजीसारखं दाट. मी खूश. खत लागू पडलं ना! एका ढगाळ पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकू लागले. दुपारपर्यंत सगळे उलटे.

माझी लेक कॉलेजात जीवशास्त्र शिकायची. तिला नेलं.

"बाबा, पाण्यात बारीक किडे असतील ना? ते कुठायत?"

"मारले!"

"अहो, तेच शेवाळ खात होते! गुरं मारलीत आणि कुरणाला खत घातलंत. वाढलेलं शेवाळ रात्री पाण्यातली हवा ओढतं. मासे गुदमरले."

बस्त्यावकाका परतले. काठावर उभे राहिले. "पोरगी रोज हातानं कोंडा घालायची हो यांना," एवढंच बोलले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं!

तरी लग्नाला बोलावलं. मी मांडवात कोपरा धरला. कुणीतरी ओरडलं, "बस्त्याव, बावखलातले मासे कुठं गेले रे?"

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "शेठनी खाल्ले, सगळे!"

मांडव हसून लोळला. आणि मी जन्माचा शाकाहारी! नवरी तेवढी हसली नाही. ते अजून टोचतं.

म्हणून हात जोडून सांगतो, पाण्याचासुद्धा हिशेब खरा ठेवा. उवा जमेला लिहा. मेलेले मासे नावे टाकायला हा शेठ आहेच.