अष्टमीची भरती

आमच्या घरी पंचांग नव्हतं, पत्रकं होती. बाबा ती लिहायचे, मी घड्या घालायचे. मुहूर्ताविरुद्धचं पत्रक तर मला तोंडपाठ होतं.

त्यांच्या अंधश्रद्धाविरोधी संघटनेचं एक पत्रक मात्र भांडणाचं नव्हतं. मोरा बंदरातल्या मच्छीमारांसाठी वर्षभराच्या भरतीच्या वेळा, फुकट. वेळ चुकली की होडी चिखलात रुतते. त्या वेळा काढणारा प्रोग्राम बाबांच्या मित्राने लिहिला होता: गणित फॉरट्रान या कॉम्प्युटरच्या भाषेत, छपाई सी या दुसऱ्या भाषेत. मित्र वारला, मागोमाग त्याचा कॉम्प्युटरही गेला. शहाण्णव साल असेल. नव्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम कम्पाइल होईना आणि पत्रक छापायला आठवडा उरला होता. जुनं फेका, नवं घ्या म्हणणाऱ्यांचा मला संताप यायचा, म्हणून मी हे काम अंगावर घेतलं.

तीन दिवस दोन्ही भाषा एकमेकींशी बोलेनात. शेवटी एकच ओळ अडत होती. तिचा उपयोग दिसेना, मी ती उडवली. प्रोग्राम चालला. रोजची भरती बाराच्या सुमारास. वाशीच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मला ती शिस्त वाटली.

दरवर्षी वेळा तपासणारा म्हातारा नाखवा मोऱ्याच्या जेट्टीवर जाळं शिवत बसला होता. त्याने कागद लांब धरून वाचला.

“रोज बाराला? चंद्राला सुट्टी दिलीस काय गो?”

कॉम्प्युटरने काढलंय, असं मी ठसक्यात सांगितलं. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते, असं म्हणत त्याने बोटं मोजली.

“अष्टमी. आठ पाऊन सहा. सहाला भरती. बाराला हितं निस्ता चिखल हाय.”

तिथी म्हणजे चंद्राचा दिवस, हे आमच्या एकाही पत्रकात नव्हतं.

घरी येऊन मी उडवलेली ओळ नीट वाचली. फॉरट्रान एकपासून मोजतं, सी शून्यापासून. बाबांच्या मित्राने तो फरक तिथे भरून काढला होता. ओळ गेल्यामुळे चंद्र-सूर्याच्या ओढीच्या यादीतला पहिला आकडाच सुटला होता, आणि पहिला आकडा चंद्राचा होता. उरली सूर्याची ओढ, म्हणून रोज बारा. नव्या कम्पायलरला चालेल अशी ती मी पुन्हा लिहिली. अष्टमीला सहा वाजून सात मिनिटं आली.

दुसऱ्या दिवशी नाखव्याने चार तिथी बोटांवर पडताळल्या.

“वरची सात मिनटं तुजी खरी असतील,” तो म्हणाला.

छापखान्यात देण्याआधी बाबांनी तारखेशेजारी तिथीचा रकाना आखला. “तिथी? आपल्या पत्रकात?” मी विचारलं.

“चंद्राचं गणित आहे,” ते मान वर न करता म्हणाले, “मुहूर्ताचं नाही.”