जहाजात चढताना ताई जे बोलली

मी कोथरूडला फिजिक्सच्या ट्यूशन्स घेते. भूत, बाधा, नजर असले विषय निघाले की मी आजवर चहा ठेवायला उठून जायचे. अजूनही 'विश्वास आहे' असं म्हणणार नाही. फक्त घडलं ते लिहिते...

हिंजवडीत रोज नवी बिल्डिंग उभी राहायची ते दिवस. माझी मोठी बहीण – ताई – तिथे टीम लीड होती, भाऊजीही आयटीतच. त्यांची जुई पाच वर्षांची. ताईच्या प्रोजेक्टचं रिलीज एकदाचं पार पडलं आणि आम्ही चौघं ताम्हिणीतून कोकणात निघालो. जुई घाटभर ओकली, मग रडतच राहिली. ताईची झोप तर कधीपासून झाली नव्हती.

दिवेआगरच्या अलीकडे, अगदी समुद्राला लागून एक रेस्टॉरंट होतं – अख्खं जहाजाच्या आकाराचं! पिवळं, गुलाबी, पोपटी... वेटर पट्टेरी टी-शर्टातले खलाशी, दाराशी मालक कॅप्टनची टोपी घालून उभा. आत चढण्याआधी प्रत्येकाने आपलं एक ओझं मोठ्याने सांगायचं. मग तो घंटा वाजवून ओरडायचा, "किनाऱ्यावर राहिलं!"

भाऊजी म्हणाले, "माझा मॅनेजर." टण्ण! मी म्हटलं, "माझं वजन." टण्ण! (दोन्ही आहेत तिथेच आहेत.)

ताईने कडेवरची रडणारी जुई माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "ही कार्टी."

टण्ण. "किनाऱ्यावर राहिलं!"

जुई एकदम गप्प झाली.

सुरमई फार छान होती. ताई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. जुईने तिच्या ताटातला तुकडा उचलला, तशी ताई हसून मला म्हणाली, "गोड आहे गं. कोणाबरोबर आलीय ही?"

"पुरे आता," भाऊजी म्हणाले. "तिला खरं वाटेल."

"अहो, काय खरं वाटेल? हिची आई शोधत असेल हिला."

जुई म्हणाली, "आई, मी आता रडत नाहीये, बघ."

ताईने तिचे गाल पुसले. अगदी मायेने – पण परक्या मुलाचे पुसावेत तसे. मग वेटरला हाक मारली, "अहो, या बाळाचे आईवडील कुठे बसलेत?"

पुण्यात सगळे डॉक्टर झाले. स्कॅन स्वच्छ. एका मानसोपचारतज्ज्ञाने आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. ताईला ऑफिस, कोड, आमचं लहानपण – सगळं आठवत होतं. फक्त जुई नाही. इथपर्यंत मीही 'स्ट्रेस' म्हणून गप्प बसले असते. पण ताईचं सिझेरियन झालं होतं, तिच्या टाक्यांवरची पट्टी मी माझ्या हातांनी बदलली होती. ज्या बाईंनी ते ऑपरेशन केलं, त्यांनीच तिला पुन्हा तपासलं. बराच वेळ पोटावरून हात फिरवत राहिल्या. व्रण नव्हता.

भाऊजी तिला परत त्या जहाजावर घेऊन गेले. जुई आणि मीही होतो. जुईने हट्टाने नवा फ्रॉक घातला होता. मालक म्हणाला, "अहो, गंमत असते ती! घंटा भंगारातून आणलीय मी." भाऊजी रडायलाच लागले, तेव्हा तो ओशाळला. "ठेवलेलं परत मागायला आजवर कोणी आलं नाही हो... वहिनींनाच मागू द्या."

ताईने घंटेची दोरी धरली. "काय मागू?"

"जुई म्हण," मी म्हटलं.

"जुई," ती म्हणाली. घंटा वाजवली. मग घड्याळाकडे पाहून म्हणाली, "झालं? निघूया का? उद्या मीटिंग आहे."

जुई आता माझ्याकडे राहते. घरात परकं मूल 'आई, आई' करत मागे फिरतं, हे ताईला सहन होईना.

गेल्या वर्षी ताईचं डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा. ओटी भरताना कोणीतरी विचारलं, "कितवं गं?"

"पहिलंच," ताई लाजून म्हणाली. माहेरची, सासरची, सगळी माणसं खाली बघत राहिली.

जुई पेढ्यांचा बॉक्स घेऊन सरळ तिच्यासमोर गेली. "अभिनंदन, काकू."

"किती शहाणी आहे गं ही!" ताई मला म्हणाली.

हे का झालं, मला आजही माहीत नाही. जुई रात्री विचारते, तेव्हा मी तिलाही एवढंच सांगते.