बोडका चाफा

आखातातल्या अहमदी गावात, तेलकंपनीच्या जुन्या घरात राहायला आल्यावर शामलाने ओट्यापुढे सोनचाफा लावला. रत्नागिरीहून आणलेलं कलम, इथली खारट माती आणि भाजून काढणारा उन्हाळा. ती इस्पितळात नर्स. ड्यूटीवरून आली की आधी चाफ्याला पाणी, मग स्वतःला चहा. झाडाने तिचे पांग फेडले. उन्हाळ्यात ओट्यावर गर्द सावली असायची. कोकणात चाफा कधी करत नाही अशी एक गोष्टही ते इथे शिकलं: थंडीत सगळी पानं टाकायचं आणि ओटा उन्हाला मोकळा करून द्यायचं. सुट्टीच्या दिवशी त्या उन्हात बसणं एवढीच तिची चैन होती.

नवरा लक्ष्मीकांत वर्षानुवर्षं तेलविहिरींवर. घरी असला तरी डोकं फोनमध्ये. यंदा त्याला ऑफिसात बसायचं काम मिळालं, आणि नेमकी जानेवारीत शामला आईच्या वर्षश्राद्धाला गावी गेली. एका सकाळी त्याला चाफा बोडका दिसला. त्याने कोपऱ्यावरच्या दुकानदार अब्बासला बोलावलं. अब्बासही रत्नागिरीचाच.

"चाफा कधी बोडका होतो काय? मेला तो," अब्बास म्हणाला.

दोन कोकणी माणसांचं एकमत झालं, मग कुणाला विचारायचं राहिलं! झाड पाडलं. शामलाला वाईट वाटायला नको म्हणून लक्ष्मीकांतने त्या जागी पत्र्याची शेडही घालून घेतली. हौस दांडगी.

शामला परतली. बॅग हातातच होती. खाली वाकून तिने बुंध्याची साल नखाने खरवडली. आत हिरवीगार, ओली.

"अहो, जिवंत होता हा."

"एकही पान नव्हतं गं!"

"दर हिवाळ्यात नसतं. तुम्ही कधी बघितलंच नाही?"

"मी घरी होतो कुठे?"

"शुक्रवारी सुट्टीला असायचात."

तिला रडायलाही आलं नाही. झाडाचं जाऊ दे, आपण इतकी वर्षं त्याच ओट्यावर बसत होतो, हेही या माणसाला दिसलं नव्हतं, एवढंच तिच्या मनात आलं.

शेडखाली अंधार आणि गारठा होता. शामलाने खुर्ची उचलली आणि फाटकाबाहेर, रस्त्याकडेला ऊन होतं तिथे जाऊन बसली.

"अगं, तिथे काय बसलीस?" लक्ष्मीकांत शेडखालून काळजीने ओरडला. "इकडे सावलीत ये की!"