शोकेसमधला शाळिग्राम

शोकेस पुसताना ओलं फडकं शाळिग्रामाला लागलं आणि चंदनाचा पुसट वास आला.

तीसेक वर्षांपूर्वीची, काशीतल्या ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घरातली सकाळ. बाबा देवांना स्नान घालत होते. मी तेव्हा भूगर्भशास्त्र शिकत होतो. ऐटीत म्हणालो, "बाबा, हा समुद्रातल्या प्राण्याचा जीवाश्म आहे. आपली भूमी सरकत येऊन आशियाला धडकली, मधल्या समुद्राचा तळ वर उचलला गेला आणि हिमालय झाला."

बाबांच्या तांब्याची धार थांबली नाही. "म्हणजे बिचाऱ्याचा समुद्रच गेला," ते म्हणाले. "मग माझ्यामागे याला एक दिवसही कोरडा ठेवू नकोस."

मी हो म्हणालो होतो.

आता त्याच्यापुढे माझ्याच अक्षरात 'जीवाश्म' अशी चिठ्ठी आहे. फडक्याची ओल बघता बघता वाळली. इतक्या वर्षांत त्याला घडलेलं स्नान तेवढंच.